मामाच्या तारांची जुळणी

तोपिरिटमामाला जाऊन वर्ष झालं, तेव्हा त्याच्या आठवणीच्या जेवणाला त्याचंच गाणं वाजवायचं असं आम्ही बँडवाल्यांनी ठरवलं. शब्द आणि चाल आमच्या सगळ्या मातुपित बेटाला पाठ होती. अडत होतं ते गिटारपाशी. आमच्याकडे प्रत्येक जण तारा आपल्या पद्धतीने लावतो आणि ती जुळणी दुसऱ्याला कळू देत नाही. मामा तर वाजवून झालं की सगळ्या तारा ढिल्या करूनच गिटार खाली ठेवायचा. आम्हालाही न सांगता गेला.

महिनाभर खटपट केली. वाजायचं ते भलतंच.

मग एका दुपारी तोकिलालाने वाजवलं. हा पलीकडच्या रालुआना गावचा, आमच्या बँडमध्ये येऊन जेमतेम सहा महिने झालेले. हुबेहूब मामा. युकुलेलेवाला वारकिया सुपारी चघळायची विसरला.

"कुठून आणलंस?" मी विचारलं.

"बसलं आपोआप."

"तुझ्या बोटांवर आपोआप बसलं? मी सख्खा भाचा, माझ्यावर माशीसुद्धा बसली नाही."

तो नुसता हसला.

"रालुआनाच्या बँडने पेरलाय त्याला," वारकिया नंतर म्हणाला. "गाणं घेऊन जाईल, बघत बस."

आमच्यात मामाची जमीन भाच्याकडे येते. गाणंही माझंच, असं मी धरून चाललो होतो. मी त्याच्यावर पाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी तो मामाच्याच घरामागून कुऱ्हाड घेऊन निघताना दिसला. मी तडक आत गेलो. मामी नारळ खवत होती.

"हा इथे काय करतो?"

"लाकडं फोडतो."

"आणि?"

"आणि माझ्याकडून गिटार लावायला शिकतो. शेवटची दोन वर्षं तुझ्या मामाची बोटं आखडली होती. खुंट्या कोण पिळत होतं, वाटलं तुला?"

मी तिथेच खाली बसलो.

"तुम्ही सगळे आलात," ती म्हणाली. "कपाट उघडलंत, वह्या चाळल्यात, गिटार उलटीपालटी केलीत. मी इथेच बसले होते. मला एकानेही विचारलं नाही. त्याने विचारलं."

"मग तो खोटं का बोलला?"

"मीच सांगितलं तसं. तू किती दिवसांनी येतोस ते बघायचं होतं."

मी खवणी माझ्याकडे ओढली. चार नारळ खवून झाल्यावर तिने गिटार आणली.

जेवणाच्या दिवशी मी आणि तोकिलाला शेजारी बसून वाजवलं. त्याआधी मी त्याची माफी मागितली, तो म्हणाला, "मीही असाच संशय घेतला असता." पहिल्या कडव्यालाच बायका रडायला लागल्या. गाणं मामाचंच वाटलं, असं सगळे म्हणाले.

पण मामीने दोघांना एकच जुळणी दिली का, याची मला अजून खात्री नाही. त्याची तिसरी तार माझ्यापेक्षा किंचित गोड लागते. मामीला विचारलं, तर म्हणते, "कान तपासून घे."