एक्केचाळीस हं

माझ्या प्रकल्पाच्या मार्गदर्शक सरांनी बिस्किट चहात बुडवलं. "सोनं आहे सोनं! पुन्हा लाव."

मी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. घरापासून दूर राहणाऱ्यांचं फोनवरचं बोलणं, हा माझा विषय. वृद्धाश्रमातल्या आजी दर रविवारी मुलाला फोन करतात. दोघांची लेखी परवानगी होती. आजी गुडघ्याचं सांगतात, मुलगा "हं" म्हणतो. मागे त्याचा टीव्ही चालू.

लेक झोपलेली असताना मी ती अकरा मिनिटं शब्दन् शब्द उतरवली होती. सरांनी लाल पेनाने "हं" मोजले. "एक्केचाळीस! आणि इथे म्हातारी रडते ते तू चार सेकंद लिहिलंयस. साडेसहा आहेत. नीट मोजत जा." ओठाला चिकटलेला चुरा त्यांनी जिभेने आत ओढला.

नियमाप्रमाणे उतरवलेलं बोलणं आजींना वाचून दाखवायचं होतं. दाखवलं.

"इतक्यांदा हं म्हणतो का गं तो?" आजींनी कागद पालथा घातला. "फोनवर कळतच नाही. ऐकतोय असं वाटतं. हे नको देऊस बाई कुणाला. लोक नावं ठेवतील त्याला."

"नाव बदललंय, आजी."

"मला माहितीय ना कोण ते."

मला माझीच किळस आली. परवानगी मागे घेण्याचा फॉर्म तिथेच भरला, त्यांची सही घेतली आणि सरांपुढे ठेवला.

"हा आपल्याला मिळालाच नाही," सर म्हणाले आणि त्यावरच कप ठेवला. "प्रकल्प जमा करायला बारा दिवस उरलेत. नवीन माणूस कुठून आणणार? वर्ष जाईल. पदरात पोर आहे तुझ्या, जरा शहाणपणाने घे."

त्या तोंडून माझ्या पोरीचा विषय निघाला आणि अंगावर पाल पडावी तसं झालं. मी कप उचलून बाजूला ठेवला. फॉर्मवर चहाचं गोल उमटलं होतं. लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि त्यांच्यादेखत रेकॉर्डिंगची फाइल पुसली.

"वेड लागलंय का तुला?"

"हो सर."

वर्ष गेलं ते गेलंच.

पुढच्या रविवारी लेकीला कडेवर घेऊन वृद्धाश्रमात गेले, रेकॉर्डर न घेता. मुलाला फोन करून झाला होता. आजींनी लेकीला जवळ ओढलं आणि गुडघ्याचं पहिल्यापासून सांगायला घेतलं.

"आधी डावा दुखायचा की उजवा?" मी विचारलं. "मग? डॉक्टर काय म्हणाले?"

तासभर बसले. एकदाही "हं" म्हटलं नाही.