धाकटीच्या घरचं पाणी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर. माझा आवाज ऐकून म्हशीसुद्धा पान्हा चोरतात, असं बायको म्हणते. त्यामुळे तपासणीस बाई नोटीस घेऊन गोठ्यावर आल्या, तेव्हा मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. नोटीस अशी: गोठ्याचं शेणपाणी ओढ्यात सोडायचं नाही, चार महिन्यांत पक्का खड्डा बांधायचा, नाहीतर दुधाचा परवाना रद्द.

"आम्ही गोठेवाल्यांनी स्वखुशीने खड्ड्यांचा ठराव केलाय," मी सुनावलं. "जबरदस्ती कशाला?"

"ठरावाला सहा वर्षं झाली. खड्डे किती झाले?"

एकही नाही. जो तो शेजारी कधी सुरुवात करतो त्याची वाट बघत होता. आणि दर बैठकीत मी छातीठोक सांगायचो, "माझ्या गोठ्याच्या खालीच माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीची विहीर आहे. तिच्या घरचं पाणी मी पितो. मला काय झालंय?" विषय तिथेच मिटायचा.

तक्रार कोणाची ते बाईंनी सांगितलं नाही. पण नोटिशीला विहिरीच्या पाण्याचा अहवाल जोडला होता, आणि विहीर धाकटीचीच होती. मी तसाच तणतणत तिच्या घरी गेलो.

ती स्वयंपाकघरात होती, तीन महिन्यांचा नातू खांद्यावर. नेहमीसारखा तिने आधी पाण्याचा पेला हातात दिला.

"हेच ना ते वाईट पाणी? इतकी वर्षं पितोय मी."

"ते जारचं आहे, दादा."

तिने ओट्याखालचा पडदा सरकवला. विकतच्या पाण्याचे चार जार.

"पाच वर्षं झाली. तू आलास की यातलंच देते. तू वडिलांच्या जागी, तुला कोणत्या तोंडाने सांगू? वाटलं, ठराव झालाय, आज ना उद्या बांधशील." तिने बाळाची पाठ थोपटली. "याला पावडरचं दूध लागतं. गेल्या महिन्यात एकदा जार आला नाही, तर सुनेने विहिरीचं पाणी उकळून घेतलं. डॉक्टर म्हणाले होते, शेणपाण्यातून उतरलेलं नायट्रेट उकळून जात नाही, बाळाच्या जिवावर बेतेल. मी बाटली तिच्या हातातून ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी तक्रारीचा अर्ज दिला."

मी खाली बसलो. माझी जी लाज ती पाच वर्षं झाकत होती, तीच मी बैठकीत पुरावा म्हणून मिरवत होतो.

खड्डा साडेतीन महिन्यांत झाला. नोटिसा सगळ्यांनाच गेल्या होत्या, त्यामुळे कुरकुरत का होईना, सगळ्यांनीच बांधले. बाई पुन्हा तपासायला आल्या तेव्हा मी त्यांचे मनापासून आभार मानले आणि पेलाभर दूध पुढे केलं. नियमात बसत नाही म्हणून त्यांनी ते घेतलं नाही, तरी मी चिडलो नाही. बायकोने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

विहीर निवळायला दोन वर्षं लागली. चांगला अहवाल आला त्या दिवशी धाकटीने मला बोलावून घेतलं. ओट्याखाली आता बटाटे होते. तिने विहिरीच्या पाण्याचा नळ सोडला, आधी नातवाचा छोटा पेला भरला. तो घटाघटा प्यायला. मग तिने माझा भरला.

"आता घरात दोन तऱ्हेचं पाणी नाही, दादा," ती म्हणाली.