मधाच्या खटल्यातला माइक

मित्रांनो, वाकवाल तशी वाकणारी मान, जाळीचे डोके आणि कुणी बोलू लागले की लाल होणारा गळा, असे माझे रूप. मी आहे एक जुना माइक. कारखान्यातली माझी भावंडे कुणी नाट्यगृहात गेली, कुणी रेल्वे स्टेशनवर. मला मात्र न्यायाच्या दालनात जागा मिळाली. तिथे माणसांचे नव्हे, देशांचे खटले चालत. कुणी कुणाचा माल अडवला, कुणी व्यापाराचा करार मोडला, याचा निवाडा तिथले पंच करीत.

सुरुवातीला मला भारी ऐट होती. मोठमोठे वकील माझ्यापुढे येऊन घसा खाकरत. आवाजाची यंत्रे सांभाळणारे काका मला मऊ फडक्याने पुसत आणि म्हणत, "बाबा रे, वकिलांचं राहू दे, तुझा घसा तेवढा नीट ठेव."

एकदा मधाचा खटला आला. बेटावरच्या एका छोट्या देशाचा मध एका मोठ्या देशाने आपल्याकडे यायचा बंद केला होता. बेटावरच्या मधमाश्यांना रोग आहे, असे त्याचे म्हणणे. तोच रोग दुसऱ्या एका श्रीमंत देशातही होता. पण त्याचा मध मोठ्या देशाच्या दुकानांत खुशाल विकला जात होता. कुणालाही दुजाभावाने वागवणार नाही, अशा करारावर तर मोठ्या देशाने स्वतः सही केली होती.

समोरच्या बाजूला वकिलांची रांगच्या रांग. माझ्या बाजूला दोघीच: बेटाची तरुण वकीलबाई आणि तिची मावशी. मावशी मधमाश्या पाळायची. मध खपेना म्हणून तिचा मुलगा बोटीवर नोकरीला गेला होता. खटला हातचा गेला असता, तर माश्यांच्या पेट्या मोडीत काढून तिलाही बेट सोडावे लागणार होते.

समोरचे ज्येष्ठ वकील शांतपणे म्हणाले, "आमचं कुणाशी वैर नाही. आम्हाला आमच्या माश्या वाचवायच्या आहेत, एवढंच."

बोलणे खोटे नव्हते. त्यांच्या माश्यांनीही जगायला हवेच होते.

वकीलबाईने मला जवळ ओढले. "एवढंच विचारते," ती म्हणाली, "आमच्या बेटावर येऊन कुणी एक तरी पेटी उघडून पाहिली का?"

मुख्य पंच समोरच्या वकिलांकडे वळले. "उत्तर द्या."

कागद सळसळले. "नाही. पण धोका होता."

"आणि त्या दुसऱ्या देशात?" वकीलबाईने विचारले.

"तिथे आमची माणसं जाऊन तपासणी करतात."

"मग आमच्याकडेही या ना!" वकीलबाई म्हणाली.

"आलो, आणि रोग सापडला तर?" ज्येष्ठ वकिलांनी विचारले.

रोगट पेट्या जाळाव्या लागतात, हे वकीलबाईला ठाऊक होते. तिने माझ्यावर तळहात ठेवला आणि मावशीकडे वळली. पण तळहाताखालूनही मला ऐकू येतेच.

"मावशी, हो म्हणू का गं? तुझ्याच पेट्या जायच्या एखादवेळेस."

मावशी म्हणाली, "गेल्या तर गेल्या. रोगट असतील तर मीच काडी लावीन. पण आधी बघा म्हणावं, मग जाळा."

तळहात दूर झाला. "ज्या पेट्यांत रोग सापडेल त्या आम्ही जाळू," वकीलबाई ठामपणे म्हणाली. "त्या दुसऱ्या देशात जाळतात, तशाच."

काही महिन्यांनी निकाल वाचला गेला. माश्या जपणे योग्यच आहे. पण तपासणीचे माप सगळ्यांना एकच हवे. न पाहता घातलेली बंदी उठवा. मोठ्या देशाने थोडे आढेवेढे घेतले, पण निकाल मानला.

पुढे वकीलबाई दुसऱ्या कामासाठी आली, तेव्हा काकांनी पहिला प्रश्न मावशीचा केला.

"तपासनीस येऊन गेले. काही पेट्या जाळाव्या लागल्या," ती म्हणाली. "खूप रडली ती. मग नव्या मांडल्या. आता मध जातोय परदेशी. मुलगाही परत आलाय. म्हणतो, माश्या चावतात, पण निदान बोटीसारखं पोटात ढवळत तरी नाही!"

काका खो खो हसले. मला हसता येत नाही, पण त्या दिवशी मी मनातून फार सुखावलो.

कालांतराने दालनात नवे माइक आले. मी बराच काळ कपाटात धूळ खात पडलो. निवृत्त होताना काकांनी मला कायदा शिकणाऱ्या मुलांच्या वर्गात आणून बसवले. इथे मी मजेत आहे. मुले खोटे खटले लढवतात आणि खरे भांडतात. वाद अगदी रंगात आला की त्यांच्या बाई टाळी वाजवतात: "चला, बाजू बदला!" मग आत्तापर्यंत बलाढ्य देशाचा वकील म्हणून गरजणारी मुलगी छोट्या देशाच्या खुर्चीवर येते, माझ्यापुढे बसते आणि एकदम विचारात पडते. तिची ती शांतता मला फार आवडते.

मित्रांनो, माझी वायर पिळू नका, माझ्यावर चहा सांडू नका. आणि तुमच्यात भांडण जुंपले, तर एकदा उठून समोरच्याच्या खुर्चीवर बसा आणि तिथून बोलून पाहा.