चकचकीत पुंगळ्या

गॅरेजचं दार ढकललं आणि व्हर्नाच्या नाकात तो वास शिरला. डोळ्यांत टचकन पाणी आणणारा, अमोनियाचा. पुढे काडतुसं भरायच्या कामाच्या बाकावर नजर गेली तशी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या नवऱ्याच्या, आयनरच्या, जुन्या रायफलीच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या फडक्यावर रांगेने उभ्या होत्या आणि लग्नघरातल्या भांड्यांसारख्या लखलखत होत्या. शेजारी बाटली होती, ट्रकच्या बंपरला लावायच्या पॉलिशची. तो ट्रक जावयाचा, ड्वेनचा.

या घरात पुंगळ्या कशा राखतात हे मांजरालासुद्धा ठाऊक असेल. बार उडाला की पुन्हा भरण्यासाठी पुंगळी गोळा करायची, कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब आणि चिमूटभर लिंबूसत्व घालून धुवायची, भट्टीच्या मंद धगीवर आतून-बाहेरून खडखडीत वाळवायची. मग मक्याच्या कणसांच्या भुशात घोळवायची आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची. घामट बोटं लावायची नाहीत, चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवायच्या नाहीत, नाहीतर हिरवा कळंक चढतो. आणि काही झालं तरी अमोनिया दाखवायचा नाही. पितळ वरून आरशासारखं दिसतं आणि आतून कुरकुरीत होतं. बार काढताना पुंगळी फाटली तर जाळ थेट डोळ्यात. आयनरनेच हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं, तेही ओरडून. आणि या मापाच्या पुंगळ्या आता कुणी बनवत नाही.

पण व्हर्नाचं पित्त खवळलं ते निव्वळ पुंगळ्यांसाठी नव्हे. गेल्या हिवाळ्यापासून आयनरच्या डोक्यातलं एकेक पान गळत होतं. चष्मा बर्फाच्या पेटीत सापडायचा, शेजाऱ्याचं नाव हरवायचं. मार्लिसने, त्यांच्या मुलीने, डॉक्टरचं ऐकून बजावून ठेवलं होतं की बाबांनी बाकावर एक जरी चूक केली तरी बाक बंद. व्हर्ना तिच्याशी कडाकडा भांडली होती. त्या बाकापाशी बसला की आयनर पूर्वीचा आयनर असायचा, हात जराही चुकायचे नाहीत. ते काढून घेतलं तर उरायचं काय? खिडकीपाशी बसलेला एक म्हातारा. तेव्हा हे काम ड्वेनचंच होतं. ड्वेनचंच असायला हवं होतं.

आयनर आत डुलकी घेत होता. तिने पिकअप काढली आणि रस्त्यावरची खडी उडवत ड्वेनच्या आवारात थांबवली. एल्क हरणांच्या शिकारीचा मोसम शनिवारी उघडायचा होता, ड्वेन तंबूच्या दोऱ्या तपासत होता. तिने उतरता उतरताच तोंड सोडलं. अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस, दुसऱ्याच्या बाकाला हात लावायला तुला कुणी सांगितलं, बंपर आणि पुंगळी यातला फरक कळत नाही आणि निघालाय शिकारीला. त्याच्या आईबापालाही तिने सोडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ती जावयाला इतकं बोलली, आणि खरं सांगायचं तर तिला बरंही वाटलं.

ड्वेन दोरी गुंडाळत राहिला. तिचा श्वास संपल्यावर म्हणाला, "चुकलं माझं, आई."

"चुकलं म्हणे! उद्या कुणाचा डोळा गेला असता म्हणजे?"

"खरंय. मार्लिसला नका सांगू एवढंच."

"का? बायकोला भितोस?"

"हो, तसंच समजा," तो म्हणाला आणि तंबूमागे गेला.

परत येताना ती मनातल्या मनात त्याला आणखी चार गोष्टी सुनावत होती. गॅरेजमध्ये दिवा जळत होता. आयनर बाकापाशी बसला होता, बाही वर सारलेली, हातात फडकं, बोटं पॉलिशने काळी. त्याने दुसरा डबा उघडला होता.

"बघ," तो लहान मुलासारखा हसला. "सकाळी ड्वेनच्या ट्रकमधली ही बाटली सापडली. इतकी वर्षं उगाच भुशात घोळवत बसलो आपण."

व्हर्ना दारातच उभी राहिली. ड्वेन सकाळी बाकावरचा उसना नेलेला शिकंजा परत द्यायला आला होता. त्याने पाहिलं होतं. सगळं पाहून गप्प बसला होता आणि तिच्या शिव्या खाली मान घालून खाल्ल्या होत्या. तिला त्याचा राग आला. मार्लिसचा आला, डॉक्टरचा आला, आणि सर्वांत जास्त या हसणाऱ्या माणसाचा आला. तिने बाटली हिसकावून अंगणात भिरकावली आणि त्याला इतकंच सांगितलं की चुलीवर सूप आहे, आत जा. तो दचकला, बिचकत आत गेला.

मग तिने पक्कड घेतली. एकेक पुंगळी उचलून तोंड चेपायला लागली, म्हणजे चुकूनही कुणी ती पुन्हा भरणार नाही. पितळ मुकाट्याने वाकत होतं, कुठे तडा नाही, काही नाही. वरून काहीच कळत नव्हतं. ती दात-ओठ खात चेपत राहिली.

थोड्या वेळाने आयनर सुपाचा मग घेऊन दारात आला. त्याने नाक वर केलं आणि त्याचा चेहरा एकदम बदलला, पूर्वीच्या आयनरचा झाला.

"अमोनिया," तो कडाडला. "पुंगळ्यांना कुणी लावला? पितळ आतून मरतं त्याने. चेपतेयस ते बरोबर करतेयस, एकही ठेवू नकोस."

"नाही ठेवत."

"कुठल्या गाढवाचं काम हे?"

व्हर्नाने पक्कड खाली ठेवली. त्याच्या बोटांवर काळे डाग तसेच होते.

"ड्वेनचं," ती म्हणाली.

"वाटलंच मला. पोरीने काय पाहिलं त्याच्यात कोण जाणे." हातातला सुपाचा मग त्याने बाकावर आदळला. तो तरातरा ट्रॅक्टरच्या शेडमध्ये गेला आणि मोठं कुलूप घेऊन आला. ते तिच्या हातात देत म्हणाला, "दाराला लाव. किल्ली तुझ्याकडे ठेव. कितीही गोड बोलला तरी द्यायची नाही."

"नाही देणार."

"शपथ घे."

तिने शपथ घेतली. दिवा मालवला, दार ओढलं, त्याच्यासमोर कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. आयनरने पुढे होऊन कुलूप दोनदा जोर लावून ओढून पाहिलं.

"आता लाव म्हणावं हात माझ्या बाकाला," तो समाधानाने म्हणाला.