पुसून घेतलेला डबा

निवृत्त ड्रायव्हरच्या बायकोने निकाल देऊन टाकला होता. "शनिवारी भंगारवाला येतोय. तोवर गाडी तुमच्या त्या तेलावर चालली तर राहील, नाही तर गेली."

गाडी म्हणजे डिझेलची जुनी व्हॅन. ड्रायव्हरने तान्ह्या लेकीला दवाखान्यातून घरी आणलं होतं ते याच गाडीतून. ती भंगारात जाऊ द्यायला तो तयार नव्हता. पण डिझेल परवडत नव्हतं, आणि बायकोच्या दुकानात बटाट्याचे काप तळून उरलेलं तेल रोज वाया जात होतं. त्याचंच डिझेल करायचं, हे त्याच्या मनाने घेतलं.

त्याने तेल गाळलं, तापवून त्यातलं पाणी उडवलं. मिथेनॉलमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवला, सगळं मोठ्या डब्यात ओतून घुसळलं आणि झाकून ठेवलं. ग्लिसरीन खाली बसणार, डिझेल वर येणार. शनिवारी सकाळी उत्साहाने झाकण काढलं, तर आत डबाभर बुळबुळीत लगदा. साबण झाला होता!

"पाणी राहिलं की असा साबण होतो. ते कुठून आलं यात?" तो कपाळाला हात लावून म्हणाला.

"पाणी? डबा केवढा मेणचट होता! तुम्ही तेल ओतायच्या आधी मी लख्ख धुऊन ठेवला की."

"पुसलास?"

बायकोचं तोंड एवढंसं झालं. तिच्यावर चिडायचं त्याला काही जमेना. "जाऊ दे गं," म्हणून तो व्हॅनमध्ये जाऊन बसला आणि उगीचच स्टिअरिंग पुसत राहिला.

तेवढ्यात दारात टेम्पो थांबला.

"आज नाही," बायकोचा आवाज आला.

"काकू, तुम्हीच तर बोलावलंत!" भंगारवाला म्हणाला.

"बोलावलं मीच. पण पाणी माझ्या हातचं होतं, त्यात गाडीची काय चूक? या तुम्ही."

ड्रायव्हरला हे ऐकून इतकं बरं वाटलं की त्याचे डोळेच भरून आले. बायको खिडकीशी आली. "बसलात काय असे? तेल तापवा. डबा मी उन्हात वाळवते."

पुढच्या खेपेला डबा तिने इतक्यांदा पुसला की त्याला हसू आवरेना. या वेळी मात्र वर मधाच्या रंगाचं डिझेल आलं. ते निगुतीने काढून, साफ करून त्याने टाकीत ओतलं आणि किल्ली फिरवली. व्हॅन खोकली, थरथरली, सुरू झाली. गल्लीभर तळणाचा वास सुटला.

शेजारीण खिडकीतून ओरडली, "दुकान उघडलं का गं?"

बायको ऐटीत पुढच्या सीटवर बसली. मांडीवर रिकामा डबा होता.

"हा कशाला?" ड्रायव्हरने विचारलं.

"लेकीकडे चला. तिचं तळणाचं तेल वाया जात असेल. आणि हो, पुसलाय."