बाकी एक

दर शनिवारी शाळा झाडायला मेश्राम मॅडम चौथीच्या मुलांना ओळीत उभं करून पुढून सारखे गट पाडायच्या. शेवटी उरेल त्याला सुट्टी. मुलं एकतीस. दोन-दोनचे गट पाडा, तीन-तीनचे पाडा, नाहीतर पाच-पाचचे, एक उरतोच, हे रोशनीनं बरोबर हेरलं होतं. ती ओळीत शेवटीच घुसायची. तीन शनिवार तिनं पायरीवर बसून चिंचा चोखल्या.

चौथ्या शनिवारी मॅडमनी विचारलं, "काहून वं रोशनी, दर वेळी तूच उरून राहिली?"

"एकतीसले कशानंबी भागा मॅडम, कोणीतरी उरतेच. मी काय करू?"

"कशानंबी?" मॅडमनी खराटा उचलला. "मग आज एकानं भागू. एकेकाचा गट."

रोशनीच्या गटाला अख्खा व्हरांडा आला. गटात रोशनी एकटीच होती.