हवेत

तिसरा दगड काच फोडून आत आला आणि दुभाषीबाईंच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं. त्यांनी रुमाल दाबून धरला. परदेशी व्यवस्थापक टेबलाआड वाकला होता. पोलीस अधिकारी मात्र खिडकीशी उभाच.

सरकारनं हे बंदर पन्नास वर्षांच्या करारानं व्यवस्थापकाच्या बड्या देशाला दिलं होतं. आज चार वाजता त्याची पहिली युद्धनौका लागायची होती. तिच्यासाठी सकाळी मासेमारीचा धक्का पाडला, तेव्हा एक म्हातारा बुलडोझरखाली सापडला. आता फाटकावर हजारभर माणसं होती, आणि क्रेनवर चढून कर्ण्यातून ओरडणारा बाईंचा धाकटा दीर होता.

"वहिनी, सांगा तुमच्या साहेबाला! घर भाड्यानं दिलंय, माणसं नाही दिली!"

खाली हशा पिकला. मग पुन्हा दगड.

बाईंनी शब्दन् शब्द व्यवस्थापकाला त्याच्या भाषेत सांगितला. व्यवस्थापक हसला नाही.

"अधिकाऱ्याला सांग, गोळ्या घाला. छातीवर. आधी तो क्रेनवरचा."

अकरा वर्षांच्या नोकरीत बाईंनी कुणाचा काना-मात्रा बदलला नव्हता.

"साहेब म्हणतायत," त्या अधिकाऱ्याकडे वळल्या, "हवेत गोळीबार करा. माणसाला लागता कामा नये."

अधिकाऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग वायरलेस तोंडाशी नेला.

"हवेत!"

बंदुका आभाळाकडे कडाडल्या. गर्दी मागे रेटली गेली, चपला उरल्या. दीर जागचा हलला नाही.

व्यवस्थापकानं शिवी हासडून फोन उचलला. छपरावर त्याच्या देशाचे पहारेकरी होते. त्यांना दुभाष्याची गरज नव्हती. दीर पोत्यासारखा खाली आदळला. फाटकाशी आणखी दोघं कोसळली, त्यातली एक बाई होती.

व्यवस्थापकानं दुभाषीबाईंचे केस धरून त्यांना भिंतीवर आपटलं.

"काय सांगितलंस तू त्याला?"

अधिकाऱ्यानं त्याचं मनगट पिरगाळून बाईंना सोडवलं.

"तिनं बरोबर सांगितलं होतं. हवेतला हुकूम माझा."

हे तो व्यवस्थापकाच्याच भाषेत बोलला. उच्चार बाईंच्याहून साफ होता.

मग कमरेचा पट्टा सोडून त्यानं पिस्तुलासकट टेबलावर ठेवला, आणि दाराकडे बोट करून आपल्या भाषेत म्हणाला,

"पळा, ताई. तुमचा दीर हलतोय अजून."